वस्तऱ्याची वही

घाटकोपर
रविवार, ११ ऑगस्ट १९८५

अण्णा,

वर ‘तीर्थरूप’ आणि ‘शिरसाष्टांग’ लिहिलं होतं, ते पान फाडलं. तुम्ही म्हणाला असतात, तोंडावर वाट्टेल ते बोलायचं आणि कागदावर पाया पडायचं. म्हणून नुसतंच अण्णा.

पोचल्याचं कळवलं नाहीत. गावचा एक माणूस खालच्या वाण्याकडे आला होता, त्यानं सांगितलं की तुम्ही दिवसभर पडवीत बसून असता. एकतीस जुलैला तुम्ही रिटायर झालात. तेहतीस वर्षं हॉस्पिटलचे बार्बर. मेल सर्जिकल वॉर्डाच्या लोकांनी शाल-नारळ आणून ठेवला होता आणि तुम्ही सकाळीच सही ठोकून, वस्तऱ्यांची धोपटी काखेत मारून थेट परळचा एस.टी. स्टँड गाठलात. आई दारात उभी, नंदू कामावर, मी नर्सिंग कॉलेजात. नारळ वॉर्डच्या सिस्टर सुगंधांनी माझ्या हातात ठेवला. आईनं त्याच्या वड्या केल्या, कुणीच धड खाल्ल्या नाहीत. शाल ट्रंकेत आहे.

वॉर्डात त्या दिवशी जे झालं त्याचं मला वाईट वाटतं. पण माझ्या प्रबंधाच्या अभ्यासाबाबत मी चुकले असं मी म्हणणार नाही.

माझा अभ्यास काय आहे ते तुम्ही मला कधी पूर्ण सांगूच दिलं नाहीत. ‘बापसाक शिकवतस?’ म्हणून हात झटकायचात. आता पत्र काही मध्येच तोडता येत नाही, तेव्हा ऐका.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही माणसाला बेंबीपासून मांडीपर्यंत वस्तऱ्यानं साफ करायचात. नियमच तसा आहे, तुम्ही काही तो केला नाहीत. पण बाहेरच्या देशातली पुस्तकं सांगतात की वस्तऱ्यानं कातडीला डोळ्याला न दिसणारे ओरखडे येतात, सकाळपर्यंत त्यात जंतू वाढतात आणि मग टाक्यांत पू होतो. त्यापेक्षा ऑपरेशनच्या दिवशी सकाळी झिरो मशीननं केस नुसते बारीक करावेत, कातडीला हातच लावू नये. पुस्तकात आहे म्हणून मी मान डोलावणार नव्हते. आपला घाम वेगळा, आपलं पाणी वेगळं. म्हणून आपल्याच वॉर्डात मोजायचं ठरवलं. अर्धी माणसं वस्तऱ्याला, अर्धी मशीनला. कोण कुठे जाणार ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार. माझी मर्जी नाही, तुमची नाही, ऑपरेशन करणाऱ्या मोठ्या सरांचीही नाही. आणि दोन्ही कामं तुम्हीच करायची, कारण तुमच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही. हे मी माझ्या गाइड वसुधा मॅडमशी भांडून पदरात पाडून घेतलं होतं.

साठ माणसं झाली. मग मॅडमनी माझे तक्ते समोर घेतले आणि चष्म्यावरून बघत विचारलं, “नलिनी, मशीनच्या गटात अकरा डायबेटिसवाले आणि वस्तऱ्याच्या गटात एकच? तुझ्या चिठ्ठ्या इतक्या हुशार कधीपासून झाल्या?”

साखरवाल्याची जखम लवकर भरत नाही हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? तुम्ही पाकिटं खिडकीशी उजेडात धरून आतलं वाचत होतात. धडधाकट पोरं वस्तऱ्याला, साखरवाले मशीनला. मी विचारलं तेव्हा तुम्ही ‘होय’ म्हणालात. का केलंत ते आजपर्यंत सांगितलं नाहीत.

साठच्या साठ माणसं मी रद्द केली. पाच महिन्यांचं काम गेलं. उद्यापासून पुन्हा पहिल्यापासून. पाकिटांत आता कार्बन पेपर घालते. सूर्यासमोर धरलंत तरी काही दिसायचं नाही.

रागावलेली, पण तुमचीच,
नली

घाटकोपर
शनिवार, १४ सप्टेंबर १९८५

अण्णा,

आई नि नंदू आज रात्रीच्या गाडीनं चतुर्थीला निघतायत. हे पत्र आईच्या पिशवीत, पेढ्यांच्या पुड्याखाली आहे. मी येणार नाही. गणपती आहेत म्हणून जखमा भरायच्या थांबत नाहीत. तिसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या दिवशी मला प्रत्येकाचे टाके बघायचेच आहेत. कुणाला वस्तरा लागला नि कुणाला मशीन ते मला माहीत नसतं. पाकिटं सिस्टर सुगंधांच्या कपाटात, किल्ली त्यांच्या कमरेला. मी मागितली तरी त्या द्यायच्या नाहीत, आणि मी मागत नाही.

तुमच्या जागी सीताराम आलाय. मुलगा चांगला आहे, पण घोड्यावर बसूनच येतो. दहा मिनिटांत माणूस मोकळा. तुम्ही अर्धा तास घ्यायचात, पेशंटची जन्मकुंडली काढायचात, त्याच्या गावच्या देवळात किती वेळा गेला होतात ते सांगायचात, आणि तोवर त्याची भीती पळालेली असायची. हे पुस्तकात कुठे नाही. मी माझ्या टिपणांत लिहिलंय.

रविवारी गॅलरी भकास वाटते. अख्खी चाळ दाढीला रांग लावायची, त्याऐवजी आता बायका कुरडया वाळत घालतात. नंदूला मात्र फरक नाही, तो पूर्वीसारखाच सलूनला जातो. खरं सांगू? हे मला कधीच पटलं नाही. चाळीतल्या येरागबाळ्याची दाढी तुम्ही करणार आणि स्वतःच्या मुलाला सलूनचा रस्ता दाखवणार. आई म्हणते, त्यानं मॅट्रिक बुडवलं त्याचा राग आहे. अहो, पण त्यानं बुडवलं कुठे? हर्नियाचं ऑपरेशन, जखम चिघळली, चाळीस दिवस खाटेवर, परीक्षा गेली आणि मग तो पुन्हा बसलाच नाही. त्यात त्याचा काय दोष? आज एकतीस वर्षांचा घोडा गोरेगावच्या स्टुडिओत सुतारकाम करतो, मजेत आहे. पंधरा वर्षं कसला राग धरायचा तो.

दुसऱ्याला बोलते आणि माझं झाकून ठेवते, असं नको. मागच्या पत्रात ‘वॉर्डात जे झालं’ असं मोघम लिहिलं. काय झालं ते लिहायला माझी जीभ, म्हणजे पेन, रेटत नव्हतं. मी अठ्ठावीस खाटांच्या समोर, वॉर्डबॉय, आया, मावश्या सगळे उभे असताना तुम्हाला ‘चोर’ म्हणाले. ‘चोरी केलीत अण्णा, तुम्ही चोर आहात.’ तुमच्या हातात साबणाची वाटी होती. तुम्ही ती खाली ठेवलीत, टॉवेलाला हात पुसलेत आणि चौदा नंबरच्या माणसाची राहिलेली अर्धी बाजू पूर्ण केलीत. मग गेलात.

तुम्ही जे केलंत ते चूकच होतं. पण तो शब्द मी तसा, तिथे, वापरायला नको होता. माफी मागते असं लिहून टाकलं तर फार स्वस्तात होईल, म्हणून अजून लिहीत नाही.

आईबरोबर दोन डबे देतेय. रिकामे परत पाठवा.

नली

घाटकोपर
रविवार, ६ ऑक्टोबर १९८५

अण्णा,

डबे आले. एकात कोकमं, एकात काहीच नाही. रिकामा डबा माझा, असं मी समजते!

आईनं उंबरठा ओलांडायच्या आत सांगितलं, “तुझा नाव काढला की उठान परसात जातत. पण तुझी पत्रां धोपटेत ठेयतत हां. मी बघितलंय.” वस्तऱ्याशेजारी ठेवता ना? चालेल. मी लिहीत राहीन. तुम्ही परसात जात राहा.

चौतीस माणसं झाली. मोठे सर राउंडला आले की माझ्या पाकिटांकडे बघून हसतात. “काय नलिनी, लॉटरी कुणाला लागली आज?” मीही हसते आणि सिस्टर सुगंधा पुढचं पाकीट काढतात. गेल्या आठवड्यात मला ताप होता. दहाव्या दिवसाचे दोघे घरी गेले असते, म्हणून गोळी घेऊन गेले, टाके बघितले, परत येऊन आडवी झाले. आई म्हणाली, बापावर गेली आहे. मी म्हटलं, तर काय!

नली

घाटकोपर
रविवार, १६ फेब्रुवारी १९८६

अण्णा,

चार महिने लिहिलं नाही, कारण आकड्यांत गळ्यापर्यंत बुडाले होते. शंभर माणसं पुरी झाली. वस्तऱ्याची पन्नास, त्यात सात जणांना पू. मशीनची पन्नास, त्यात दोघांना.

सात आणि दोन. मी सिस्टर सुगंधांकडून चिठ्ठ्या घेऊन बेरीज केली तेव्हा टेबलावर थाप मारली. मॅडम म्हणाल्या, “थाप नंतर. आधी गणित.” असं एक गणित असतं, जे सांगतं की हा फरक खरा आहे की नुसता नशिबाचा खेळ. त्यात आकडा ३.८४ च्या वर जायला लागतो. माझा आला ३.०५. चार वेळा केलं. चारही वेळा तोच.

नंदू शेजारी बसून बघत होता. म्हणाला, “थोडं ढकल ना यार, सातचे आठ कर. कोण बघतंय?” मी असे डोळे वटारले की उठून चहा टाकायला गेला. तुमची साठ माणसं रद्द केली ती कुठल्या तोंडानं, जर माझं एक मी ढकलणार असेन? प्रबंधात ‘फरक दिसतो, पण सिद्ध झाला नाही’ असंच लिहिणार. नाकावर टिच्चून लिहिणार.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मी हे मोठ्या सरांना दाखवलं. ते काय म्हणाले ठाऊक आहे? “हे सात सीतारामच्या धसमुसळेपणाचे आहेत. दत्ताराम असता तर एकही झाला नसता. त्याचा हात लोण्यासारखा. मशीन-बिशीन काही नको, मी चांगला बार्बर मागवतो.” सगळ्यांनी माना डोलावल्या. अण्णा, तुमच्या हाताची इतकी तारीफ तुम्ही होतात तेव्हा कुणी केली नाही! आता तुमचं नाव पुढे करून तोच वस्तरा, तीच आदली संध्याकाळ चालू राहणार.

सातांपैकी एकाचं सांगते. चंद्रप्रकाश, विक्रोळीचा, बारावीचा मुलगा. हर्निया. सहाव्या दिवशी टाके लाल, आठव्या दिवशी पू. खाटेवर उताणा पडून रसायनाचं पुस्तक छातीवर धरून वाचतो. ड्रेसिंग करताना दात आवळतो आणि सूत्रं म्हणतो. त्याची आई रोज विचारते, “सिस्टर, परीक्षेला बसंल ना?” परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे. मी हो म्हणाले नाही. खोटं सांगून तिला बरं वाटलं असतं, पण मग मार्चमध्ये काय सांगितलं असतं?

चीड येते, अण्णा. तुमच्यावर नाही. कुणावर ते कळत नाही म्हणून जास्त येते. प्रबंध एकतीस मार्चला द्यायचा आहे. तोवर मी काय करू शकते ते मला माहीत नाही, पण हातावर हात ठेवून बसणार नाही एवढं नक्की.

नली

घाटकोपर
रविवार, २३ मार्च १९८६

अण्णा,

तुमचं पार्सल आठ तारखेला आलं. हॉस्पिटलच्या तुमच्या जुन्या खाकी शर्टात शिवलेलं. आत तीन वह्या. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. आईनं शर्ट तेवढा उचलून घेतला आणि घडी घालून बसली.

मी उभ्या उभ्या तिसरी वही उघडली. तारीख, खाट नंबर, नाव, कशाचं ऑपरेशन आणि शेवटच्या रकान्यात ‘कापले’. त्याखाली शून्य, शून्य, एक, शून्य, दोन. प्रत्येक माणूस. इतकी वर्षं! घरी येऊन, हातपाय धुऊन तुम्ही खिडकीत पाठमोरे बसायचात, तेव्हा आम्हाला वाटायचं की रेशनचं काहीतरी लिहिताय. लोण्यासारखा हात कुठे कुठे चुकला त्याची नोंद ठेवत होतात होय?

सोमवारी वह्या घेऊन मॅडमकडे धावले. त्यांनी रकान्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “पळ. ड्रेसिंगची रजिस्टरं शोध.”

शोधली. जुनी सगळी वाळवीनं खाल्लेली, शेवटची तीन वर्षं तेवढी धड. आठ दुपारी सिस्टर सुगंधा आणि मी जेवणाच्या सुट्टीत बसलो. तुमच्या वहीचा शेवटचा रकाना मी पुठ्ठ्याच्या पट्टीनं झाकला. आधी रजिस्टर बघून पू झाला की नाही ते ठरवायचं, सगळं संपल्यावरच पट्टी काढायची. नाहीतर मन लबाडी करतं, अण्णा. माझंही करतं.

आठशे बारा माणसं. सातशे सोळांना तुम्ही नखाएवढंही कापलं नव्हतंत, त्यांत एकतीस जणांना पू झाला. शहाण्णवांना जरा तरी कापलं होतं, त्यांत सतरा. ते मागच्या पत्रातलं गणित पुन्हा केलं. ३.८४ लागतात ना? सत्तावीस आले. सत्तावीस! यावेळी मी थाप मारली नाही.

मोठ्या सरांच्या टेबलावर तिसरी वही ठेवली. पाव तास ते पानं उलटत होते. “हे दत्तारामनं लिहिलंय?” म्हणाले. कुणीतरी मागून बोललं, वहीवर काय विश्वास, काहीही लिहील. सर त्याच्यावरच डाफरले, “आपणच कापलं असं खोटं कोण लिहितं?” मग मला म्हणाले, “एवढा हात असलेला माणूस आठातल्या एकाला कापत असेल, तर मी चांगला बार्बर आणणार कुठून?”

एक एप्रिलपासून आदल्या संध्याकाळचा वस्तरा बंद. सकाळी, झिरो मशीन. सरांनी सही केली. माझ्यासमोर.

चंद्रप्रकाशची परीक्षा हुकली. ऑक्टोबरला बसतो म्हणालाय. मी त्याच्याकडून वचन घेतलंय आणि त्याचा पत्ताही घेतलाय, मागे लागणार आहे.

तुम्ही का पाठवल्यात वह्या? आधी पाकिटं उजेडात वाचून वस्तरा जिंकवायला बघितलात आणि मग स्वतःच त्याला हरवलंत. मला कळत नाही. पण प्रबंधात मी लिहिलंय : ‘नोंदी : दत्ताराम वारिक’. माझ्या नावाच्या खाली नाही. शेजारी.

नली

घाटकोपर
रविवार, ३० मार्च १९८६

अण्णा,

उद्या प्रबंध देते. हे पत्र पोस्टात टाकत नाही, नंदूच्या हाती देते. तो आज निघतोय. का ते सांगते.

माझं काम शेवटच्या वहीशी होतं, म्हणून पहिली वही मी उघडलीच नव्हती. काल दुपारी नंदू ती चाळत बसला होता. चाळता चाळता थांबला. मग माझ्यापुढे धरली. पहिलं पान, पहिली ओळ. ता. ९ फेब्रुवारी १९७१. खाट १४. नंदकुमार दत्ताराम. हर्निया, उजवा. कापले : एक.

म्हणजे नंदूपासून वही सुरू झाली. म्हणजे तेव्हापासून तुम्हाला शंका होती. म्हणून कधी त्याच्या गालाला वस्तरा लावला नाहीत. आणि म्हणून खिडकीशी पाकिटं धरलीत. वस्तरा हरला असता तर नंदूच्या चाळीस दिवसांचा, त्याच्या मॅट्रिकचा निकाल लागला असता आणि तो तुमच्याविरुद्ध गेला असता. मग मी चंद्रप्रकाशचं लिहिलं आणि तुम्हाला राहवलं नाही. अण्णा, किती वर्षं हे एकट्यानं वागवलंत? आणि मी मूर्ख, शंभर माणसांच्या जखमा बघत बसले!

आता नीट ऐका, हे मी लेक म्हणून लिहीत नाही, नर्स म्हणून लिहिते. ७१ सालचं रजिस्टर वाळवीनं खाल्लं. नंदू माझ्या आठशे बारांत नाही आणि त्याला धरताही येत नाही. ज्यांना तुम्ही कापलंत त्या शहाण्णवांतल्या एकोणऐंशी जणांना काही झालं नाही. ज्यांना अजिबात कापलं नाहीत त्यांतल्या एकतीस जणांना झालं. नंदूची जखम तुमच्या एका ओरखड्यानं चिघळली की टाक्यांनी, हवेनं, का त्याच्या स्वतःच्या खाजवण्यानं, हे मी सांगू शकत नाही. मोठे सर सांगू शकत नाहीत. जगात कुणीच सांगू शकत नाही. पंधरा वर्षं तुम्ही स्वतःला जी शिक्षा देताय, तिला पुरावा नाही. पुराव्याशिवाय मी कुणाला दोषी धरत नाही, तुम्हाला माहीत आहे.

पाकिटं वाचलीत ते चूक होतं, ते मी मागे घेत नाही. पण ‘चोर’ मागे घेतला. काल संध्याकाळी मेल सर्जिकलमध्ये मधोमध उभी राहून, मोठ्यानं. अठ्ठावीस खाटा, सिस्टर सुगंधा, सीताराम, मावश्या, सगळे होते. बोलताना रडले, पण शब्द सगळे स्पष्ट बोलले. चौदा नंबरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं टाळ्या वाजवल्या. त्याला काही कळलं नव्हतं.

सीतारामला झिरो मशीन कातडीपासून वर धरता येत नाही. दाबतो. तुम्ही येऊन त्याच्या मनगटाला हात लावल्याशिवाय त्याला ते जमायचं नाही. हे एक काम. शाल ट्रंकेत आहे, हे दुसरं.

आणि नंदू. पान बघून तो मोरीत जाऊन नळ सोडून बसला. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. म्हणाला, “एवढ्यासाठी मला सलूनला पाठवत होते होय?” सलूनला गेलाच नाही, गाल नुसते खुंटांनी भरलेत, आई ओरडतेय की असल्या तोंडानं गावाला जाऊ नको. तो ऐकत नाही. तुमच्या पडवीत, तुमच्यासमोर, गळ्यात टॉवेल अडकवून बसणार आहे, आणि तुम्ही धोपटी उघडेपर्यंत उठणार नाही.

हात थरथरला तरी चालेल, म्हणालाय. कापलं, तर वहीत लिहून ठेवा.

तुमची,
नली